शेवटचं पुस्तक संपवावंसं का वाटत नाही?

(नेहमीसारखंच हे भागाचं शब्दांकन आहे. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं. मध्ये एकदा कुकरची शिट्टी वाजते, ती काही लिहिता आली नाही.)

कानात इअरफोन टाकून एसटीत खिडकीपाशी बसला असाल, नाहीतर अभ्यासाचं पुस्तक समोर उघडं ठेवून चोरून ऐकत असाल. दोन्ही चालतं.

आजचा भाग एका मेसेजमुळे झालाय. वणीहून अकरावीतल्या एका श्रोत्यानं लिहिलंय. पर्सी जॅक्सनच्या पहिल्या मालिकेतली चार पुस्तकं त्यानं पंधरा दिवसांत उडवली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, पांघरुणात मोबाईलचा टॉर्च लावून. पाचवं, म्हणजे शेवटचं, 'द लास्ट ऑलिम्पियन', दोन महिने झाले उशाशी पडून आहे. रोज हातात घेतो, मागचं कव्हर वाचतो, ठेवून देतो. पुढं विचारलंय, "ताई, मी आळशी झालोय का, की हे सगळ्यांचंच होतं?"

भाऊ, तू भलत्याच माणसाला विचारलंस. मी हॅरी पॉटरचे शेवटचे पाच अध्याय अकरा वर्षं ठेवून दिले होते. त्यामुळे आज जरा सविस्तर बोलू. शेवट सांगून कुणाचा मूड घालवणार नाही, घाबरू नका. पण शेवट कळला तर खरंच काही बिघडतं का, त्यावरही येणार आहे.

आधी माझी गोष्ट सांगते, मग शास्त्र.

आमच्या घरी हॅरी पॉटर आला तो मराठीतून. मी सहावीत होते, यवतमाळला. माझी मावसबहीण, जिला मी नुसतं ताई म्हणते, ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. काका कामासाठी नागपूरला जायचे आणि येताना बर्डीवरून काहीबाही आणायचे. संत्री, चपला, एकदा हे पुस्तक. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं काढलेलं, नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मला आजही वाटतं की ते नाव इंग्रजीपेक्षा आपल्याकडं जास्त बसतं. तिकडच्या पोरांना 'फिलॉसॉफर्स स्टोन' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. आपल्याला परीस माहीतच असतो, लोखंडाचं सोनं करणारा. आजीनं नुसतं नाव ऐकून अर्धी गोष्ट ओळखली होती.

त्या काळात उन्हाळ्यात भारनियमन असायचं. संध्याकाळी लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. सगळे गच्चीवर झोपायचे. सिमेंट तापलेलं, म्हणून आधी बादलीभर पाणी मारायचं, मग सतरंजी. ताई बॅटरीच्या उजेडात मोठ्यानं वाचायची आणि मी पडून ऐकायचे. पहिली सहा पुस्तकं आम्ही अशीच केली. दर उन्हाळ्यात एक, कधी दिवाळीत अजून एक. बॅटरीचे सेल संपले की त्या रात्रीचं वाचन संपलं. कितीही रंगात आलेलं असो.

सातवं मिळालं तेव्हा आम्ही ते मुद्दाम राखून ठेवलं. मग २०१३ च्या एप्रिलात ताईचं लग्न ठरलं, तारीख मेमधली. माझी दहावीची परीक्षा झाली होती. आम्ही ठरवलं, आता संपवायचं, दोघींनी मिळून. रोज रात्री एक-दोन अध्याय. पण लग्नघर म्हटल्यावर काय होतं तुम्हाला माहीत आहे. पाहुणे आले, गच्चीवर गाद्याच गाद्या, कोणी घोरतंय, कोणी पत्ते खेळतंय. हळदीच्या आदल्या रात्री आम्ही बत्तिसाव्या अध्यायाच्या शेवटी होतो. त्या पुस्तकात छत्तीस अध्याय आहेत आणि वर एक छोटा उपसंहार. म्हणजे राहिले पाच. ताईनं तिथं लग्नपत्रिका घातली, खूण म्हणून, आणि म्हणाली, "माहेरी आली का करू पुरं."

मग ती पुसदला गेली. माहेरी आली, अनेकदा आली. पण कधी पोर कडेवर, कधी सासूबाई सोबत, कधी दोनच दिवस. पुस्तक माझ्या कपाटात. मी एकटीनं उघडलं नाही. शेवट मला कळला होता हं, अगदी व्यवस्थित. सिनेमे टीव्हीवर लागतात, मीम येतात, कोण मेलं, कोण जगलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं, सगळं माहीत. तरीही ती पाच प्रकरणं मी वाचली नाहीत.

तर आता प्रश्न असा की असं होतं का?

सगळ्यात आधी एक शब्द. इंग्रजीत त्याला पॅरासोशल म्हणतात, मी आपलं एकतर्फी ओळख म्हणते. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ही कल्पना मांडली. तेव्हा टीव्ही नवा होता. त्यांच्या लक्षात आलं की रेडिओ आणि टीव्हीवरचा निवेदक कॅमेऱ्याकडं बघून बोलतो, आणि घरी बसलेल्या माणसाला तो आपला ओळखीचा वाटायला लागतो. त्याच्या सवयी माहीत होतात, तो पुढं काय बोलेल हे कळतं. फक्त त्या निवेदकाला आपला पत्ता नसतो. (आता तुम्ही माझा आवाज ऐकताय, तेही थोडं असंच आहे. रस्त्यात भेटलात तर हाक मारा, म्हणजे दुतर्फी होईल.)

पुढं हीच कल्पना काल्पनिक पात्रांना लावली गेली. आणि मग कोणीतरी विचारलं की ही ओळख तुटली तर? २००४ मध्ये 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका दहा सीझननंतर संपली. केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी शेवटच्या भागानंतर २७९ विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली. तुमचं आवडतं पात्र कोण, किती जवळचं वाटायचं, आता कसं वाटतंय, एरवी तुम्हाला किती एकटं वाटतं. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला? ज्यांचं त्या पात्राशी नातं घट्ट होतं त्यांना. ऐकायला साधं वाटतं, पण यातून एक गोष्ट कळते. मालिका फार चांगली होती म्हणून वाईट वाटतं, एवढंच नसतं. एक माणूस रोज भेटायचा, तो आता भेटणार नाही, हे त्यातलं मोठं कारण. ज्यांना एरवी एकटं वाटायचं त्यांना त्रास जास्त झाला, हेही त्यात दिसलं. म्हणून कुणी पुस्तक संपल्यावर रडत असेल तर हसू नका बरं का. त्याच्याकडं दुसरं कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं.

माझ्या आईनं विचारलं होतं एकदा, मी सहाव्या पुस्तकाच्या शेवटी रडत होते तेव्हा. "काऊन रडून राह्यली वं? कोन मेलं?" मी नाव सांगितलं. आई म्हणाली, "तो कोन आपला?" मला उत्तर देता आलं नाही. आज दिलं असतं.

पण थांबा. एवढ्यानं सगळं सुटत नाही. कारण पात्रं आवडती असली तरी प्रत्येक मालिकेचा शेवट असा लागत नाही. उदाहरण आपल्या घरचंच घ्या, फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवरचा, तोंडानं ट्टॉक करणारा. त्याची वीसेक पुस्तकं आहेत. मी त्यातली मिळतील तेवढी वाचली आणि शेवटचं कुठलं वाचलं ते मला आठवतही नाही! वाईट वाटलं का? नाही. का नाही? कारण फेणे मोठा होत नाही. प्रत्येक पुस्तकात एक भानगड, ती सुटते, फेणे पुन्हा तसाच शाळकरी. कुठूनही सुरू करा, कुठंही थांबा. फेणे आहे तिथंच असतो.

चांदोबातला विक्रम-वेताळ तर याच्याही पुढचा. मूळ संस्कृत 'वेतालपंचविंशति'मध्ये पंचवीस गोष्टी, म्हणजे तिला शेवट आहे. पण चांदोबानं त्या पंचविशीला जुमानलंच नाही. दर महिन्याला राजा प्रेत खांद्यावर घेणार, वेताळ गोष्ट सांगणार, राजा मौन मोडणार आणि वेताळ परत झाडावर. कितीतरी वर्षं. शेवट म्हणजेच पुढच्या महिन्याची सुरुवात. इतकं हुशार यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

हॅरी पॉटरचं यंत्र उलटं आहे. तिथं एक पुस्तक म्हणजे शाळेचं एक वर्ष. पहिल्या पुस्तकात पोरगा अकराचा होतो, सातव्यात सतराचा. आणि पुस्तकसुद्धा वाढतं. ब्लूम्सबरीच्या इंग्रजी आवृत्तीत पहिलं २२३ पानांचं, सतरा अध्याय. पाचवं ७६६ पानांचं, अडतीस अध्याय. पहिल्यात चॉकलेट आणि झाडू, पुढं माणसं मरतात, सरकार खोटं बोलतं, वर्तमानपत्र विकलं जातं. म्हणजे वाचणारं पोर जसं मोठं होईल तशी भाषा, भीती, पानं, सगळं त्याच्या मापाचं होत गेलं. पहिलं इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये आलं, सातवं २१ जुलै २००७ ला. दहा वर्षं. चौथं आणि पाचवं यांच्यामध्ये तर तीन वर्षं थांबावं लागलं. ज्यानं अकराव्या वर्षी सुरू केलं तो संपवताना एकवीसचा.

आणि मला वाटतं खरी गोम इथंच आहे. अशी मालिका वाचताना आपण नकळत एक कॅलेंडर भरत असतो. तिसरं पुस्तक म्हटलं की मला हॅरी आठवतो, पण त्यासोबत सातवीची परीक्षा, गच्चीवरचा जर्मनचा गंज, ताईची नवी सायकल आणि मच्छर. शेवटचं पान उलटलं की नुसता हॅरी संपत नाही. ते कॅलेंडर भिंतीवरून उतरतं.

मराठीत वाचणाऱ्यांचं कॅलेंडर आणखी वेगळं. २१ जुलै २००७ ला, शनिवारी, मोठ्या शहरांतल्या दुकानांपुढं रांगा लागल्या. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती खपल्या. आम्ही त्या रांगेत नव्हतोच. आमच्यापर्यंत ते अनुवाद होऊन, छापून, बर्डीवरून पिशवीत बसून आलं. मालिकेतली पुढची पुस्तकं मराठीत आणली मंजूषा आमडेकरांनी. एवढ्या जाड जाड पुस्तकांचं हे काम, आणि त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? हातात ते पुस्तक असेल तर आधी आतलं पान उघडून बघा. उशिरा आल्याचा तोटा एकच, शेवट आधी कुणाच्या तरी तोंडून कळतो. फायदा असा की जगाची घाई संपलेली असते. तुम्ही तुमच्या गतीनं वाचता.

आता त्या स्पॉयलरबद्दल. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी २०११ मध्ये एक अभ्यास छापला. बारा लघुकथा घेतल्या, काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी कमी आवडतील असं वाटेल ना? उलट झालं, सरासरीनं थोड्या जास्तच आवडल्या. आता लघुकथा वेगळी आणि सात पुस्तकांची मालिका वेगळी, हे मान्य. पण आपल्याला हे प्रयोगशाळेतून कळायची गरज नव्हती. रावण मरणार आहे हे माहीत नसलेला माणूस कधी रामायण ऐकायला बसला होता? दंडार बघायला जाणाऱ्याला पुढं काय होणार ते पाठ असतं. तरी रात्रभर बसतो.

म्हणजे अकरा वर्षं मी शेवट कळू नये म्हणून थांबले नव्हते. शेवट मला कळलेलाच होता. मग कशासाठी थांबले?

इथं काही जण झायगार्निकचं नाव घेतात. ब्लूमा झायगार्निक, १९२७ चा अभ्यास. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं तिला दिसलं. रील्सवर हे फार फिरतं. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी सापडलेलं नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही. माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते मला एका सप्ताहात सापडलं.

आमच्या मावशीच्या गावी दरवर्षी भागवत सप्ताह असतो. यवतमाळ जिल्ह्यात कुठंही जा, असा सप्ताह कुठं ना कुठं सापडेलच. लहानपणी मला फक्त शेवटच्या दिवसाच्या जेवणात रस होता. पण भागवताची जी मूळ चौकट आहे, ती नीट ऐकली आहे का तुम्ही? परीक्षित राजाला शाप आहे, सातव्या दिवशी तक्षक डसणार. म्हणजे त्याच्याकडं सात दिवस. आणि त्या सात दिवसांत तो काय करतो, तर शुकमुनींकडून गोष्ट ऐकतो. गोष्ट आणि आयुष्य एकाच वेळी संपणार, हे ऐकणाऱ्यालाही माहीत आणि सांगणाऱ्यालाही. यापेक्षा मोठी डेडलाइन कुठल्या फँटसीत आहे सांगा बरं.

आणि आता बघा, आपल्या लोकांनी ग्रंथ संपवण्याची केवढी व्यवस्था करून ठेवलीये. पारायणाला समाप्ती असते. तो एक वेगळा कार्यक्रमच असतो. गुरुचरित्राचा शेवटचा अध्याय अवतरणिका, त्यात आधीच्या सगळ्या अध्यायांत काय काय झालं ते परत सांगितलंय. आजच्या भाषेत रीकॅप, पण आपण सीझनच्या सुरुवातीला बघतो तो नाही, निरोपाच्या वेळचा. हरिनाम सप्ताहात शेवटी काल्याचं कीर्तन. मग दहीलाह्यांचा काला सगळ्यांना. मग पंगती. सात दिवस जे लोक एकत्र बसून ऐकत होते ते शेवटी एकत्र जेवतात आणि मगच घरी जातात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

आता मोबाईलवर ई-बुक संपवणारा वाचक बघा. रात्री अडीच वाजता शेवटचं पान. स्क्रीनवर लगेच येतं, या पुस्तकाला किती तारे द्याल? आणि खाली, तुम्हाला हेही आवडेल. कसला काला आणि कसलं काय! सकाळी उठून कुणाला सांगायची सोय नाही, कारण घरात दुसऱ्या कुणी वाचलेलंच नाही. कादंबरी आपण एकटे वाचतो, म्हणून तिच्या शेवटालाही आपण एकटेच असतो.

चांगले लेखक ही अडचण ओळखतात असं मला वाटतं. टॉल्किनचं 'द रिटर्न ऑफ द किंग' घ्या, १९५५ चं. ज्या अंगठीसाठी तीन खंड चालून गेले ती नष्ट होते, आणि त्यानंतर अजून सहा प्रकरणं बाकी असतात. सहा! काही जणांना ते कंटाळवाणं वाटतं. मला वाटतं ती पंगत आहे. राज्याभिषेक, एकेकाचा निरोप, घरी परतणं, घर बदललेलं असणं. रोलिंगबाईंनी एवढं लांबवलं नाही, एकोणीस वर्षांनंतरचा एक छोटा उपसंहार दिला. त्यावर वाचक भांडतात अजून. फार गोड आहे, गरज नव्हती, मुलांची नावं काय ठेवलीत वगैरे. पण मला त्यात एक समजूतदारपणा दिसतो. शेवटच्या लढाईच्या धुरातून वाचकाला थेट घरी पाठवायचं नाही, आधी पाणी द्यायचं.

लिहिणाऱ्यालाही ते सोपं नसतं. रोलिंगनं सातवं पुस्तक एडिनबरोच्या बालमोरल हॉटेलात संपवलं, खोली क्रमांक ५५२. तिथल्या संगमरवरी पुतळ्यावर तिनं तसं लिहूनच ठेवलं, तारखेसकट. ११ जानेवारी २००७. मन मोडलंय आणि आनंदही झालाय, दोन्ही एकदम, असं काहीसं तिनं तेव्हा सांगितलं होतं. ही तारीख माझ्या लक्षात राहायला अजून एक कारण आहे. बरोबर बारा वर्षांनी, ११ जानेवारी २०१९ ला, आमच्या यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष. मी पुस्तकांच्या स्टॉलवर फिरत होते, आणि एका टेबलावर तेच जाडजूड सातवं पुस्तक. हातात घेतलं. तेहतिसावा अध्याय उघडला. पहिली ओळ डोळ्यांसमोर आली आणि मिटून ठेवलं. स्टॉलवाले काका म्हणाले, "घेता का?" म्हटलं, "घरी आहे." योगायोगच आहे, त्यात काही जादू नाही. पण त्या दिवशी मला कळलं की मी शेवटाला घाबरत नव्हते, एकटीनं संपवायला घाबरत होते.

संपलंच नाही तर काय होतं, तेही थोडक्यात. देवकीनंदन खत्री, 'चंद्रकांता'वाले. ती वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. त्यांचं 'भूतनाथ' अपुरं राहिलं, १९१३ मध्ये ते गेले. मुलानं, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ते पुरं केलं. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, 'व्हील ऑफ टाइम' अर्धवट. ब्रँडन सँडरसननं त्याच्या टिपणांवरून २०१३ मध्ये चौदावं, शेवटचं पुस्तक आणलं. आणि जॉर्ज मार्टिनचे वाचक २०११ पासून सहाव्या पुस्तकाची वाट बघतायत, त्यांना विचारा शेवट नसणं म्हणजे काय. आपला प्रश्न त्यांच्या मानानं श्रीमंतांचा आहे. शेवट छापून तयार आहे, आपणच उघडत नाही.

तर वणीच्या भावा, तू आळशी नाहीस. पण दोन गोष्टी सांगते. एक, तुझं प्रकरण तितकं गंभीर नाही, कारण पर्सी पाचव्या पुस्तकात संपत नाही. पुढं पाच पुस्तकांची दुसरी मालिका आहे, आणि रायॉर्डननं २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा पर्सीची पुस्तकं काढली आहेत. दुसरं, तुला ही पुस्तकं कुणी दिली? कुणीतरी दिली असतील, मित्रानं, शाळेतल्या मॅडमनी, भावानं. त्या माणसाला सांग की मी शेवटचं सुरू करतोय. एवढंच. बघ हात उघडतो का.

माझं कसं झालं ते सांगते आणि थांबते.

मागच्या दिवाळीत ताई येणार होती, आली नाही. तिच्या धाकट्याला ताप. फोनवर बोलता बोलता म्हणाली, "ते पुस्तक आहे का गं अजून, का दिलं कुणाला?" मी म्हटलं आहे. पत्रिका पण आहे आत. मग दोघी गप्प. भाऊबीजेच्या रात्री मी गच्चीवर गेले. आता लाइट जात नाही, इन्व्हर्टर आहे, पण मी मोबाईलचा टॉर्च लावला. व्हॉट्सॲपचं ते माइकचं बटण दाबलं आणि तेहतिसावा अध्याय मोठ्यानं वाचायला लागले. दोन-तीन पानं झाली की एक व्हॉइस नोट, मग पुढची. पूर्वी ती वाचायची, मी ऐकायचे. आता उलट. माझे उच्चार चुकले की लगेच मेसेज यायचा, "अगं नीट वाच." पोरं झोपली की ती ऐकायची, ओटा आवरताना. खाली मावशीनं एकदा ऐकलं, मी नाक ओढत वाचतेय ते. म्हणाली, "काय झालं वं पोरी?" म्हटलं, "पुस्तक संपून राह्यलं, मावशी." म्हणाली, "अन मंग दुसरं आन ना."

नऊ रात्री लागल्या. उपसंहार सगळ्यात छोटा, एकाच नोटमध्ये बसला. तो पाठवून आता कितीतरी महिने झाले. तुम्हाला माहीतच असेल, समोरच्यानं व्हॉइस नोट ऐकली की आपल्याकडचा तो छोटा माइक निळा होतो. बाकी सगळे निळे आहेत. शेवटचा अजून करडा आहे. परवा तिचा फोन आला होता, पोरांच्या शाळेचं, तुरीचं, सगळं बोललो. त्याबद्दल तिनं काही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.